म्हातारी कुठे बसलीय?

दिबांगूच्या आवाजाला अख्ख्या डोंगरात तोड नव्हती, आणि ही गोष्ट इतर कुणाहीपेक्षा स्वतः दिबांगूलाच जास्त पटलेली होती. तीस वर्षं तो म्बांजात विचारणारा होता. म्बांजा म्हणजे गावाचं देऊळ. तिथे कुणी लाकूड खाऊन चटईवर आडवं झालं, डोळे उघडे राहून भलतीकडेच पाहू लागले, की उशाशी बसायचं, मनगटाची नाडी बोटाखाली धरायची आणि विचारायचं. एवढंच काम. पण ते चुकलं तर माणूस तिकडेच राहतो, हे गावातली पोरंसोरंही सांगतात.

लाकूड म्हणजे इबोगाच्या मुळाची साल. जिभेवर ठेवली की जीभ मरते, पोटात गेली की पोट उलटतं, आणि सगळं ओकून अंग सैल पडलं की मेलेली माणसं भेटायला येतात. ती खाणाऱ्याला दिसतात, बाकीच्यांना नाही. बाकीच्यांना काय कळायचं ते विचारणाऱ्यामुळे कळतं. म्हणून दिबांगूच्या गुरूने त्याला दोनच प्रश्न शिकवले होते. ‘काय दिसतंय?’ आणि ‘पुढे?’ तिसरा प्रश्न नाही.

“तिसरा विचारलास,” म्हातारा सांगायचा, “तर ते त्याचं पाहणं राहणार नाही. तुझं होईल.”

दिबांगूने तेव्हा जोरजोरात मान डोलवली होती. मान डोलवायला काय जातं!

त्या सकाळी चटईवर क्लेमांस होती. गावाचीच लेक, मुइलाच्या शाळेत शिकवायची; गावप्रमुख बुसूगूची सख्खी पुतणी. चार महिन्यांपूर्वी सुटीत ती सात वर्षांच्या नादेजला घेऊन माहेरी आली, आणि तीन दिवसांच्या तापात नादेज गेली. पुलावरून पाणी वाहत होतं, ट्रक अलीकडेच अडकला, दवाखाना गाठता आला नाही. हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं. तरी नुसत्या ‘ताप आला’ने कुणाचं समाधान होत नव्हतं. ताप आला हे खरंच, पण पाठवला कुणी?

क्लेमांसला त्यातलं काही नको होतं. “मला फक्त पोरीला बघायचंय, मामा,” ती आल्याआल्या दिबांगूला म्हणाली होती; गावाच्या नात्याने तो तिचा मामा. बुसूगूला मात्र हवं होतं. गावाचा प्रमुखही तोच, म्बांजाचा बाप, म्हणजे देवळातला मोठा, तोही तोच. पोरीला मातीत ठेवलं त्या दिवसापासून त्याचं जेवणावरून लक्ष उडालं होतं.

आदल्या संध्याकाळपासून क्लेमांस चमच्यामागून चमचा साल खात होती आणि नुसती ओकत होती. तोंडावर लावलेली पांढरी माती घामाने ओघळून मानेवर आली. उजाडलं, कोंबडे आरवून दमले, आणि मग तिचे डोळे स्थिर झाले. कोपऱ्यात तोंडाला धनुष्य लावून वाजवणाऱ्याने ताल बदलला. दिबांगूने नाडी धरली. डोक्यावरचं पोपटाचं लाल पीस सारखं केलं, कारण लोक बघत होते, आणि आवाज खाली आणून विचारलं, “काय दिसतंय?”

“रस्ता. लाल माती.”

“पुढे?”

“नादेज.” तिचा श्वास अडकला. “निळा फ्रॉक. पाठमोरी आहे. चाललीय.”

“पुढे?”

“चाललीय.”

“पुढे?”

“चाललीच आहे. मामा, मी हाका मारतेय, ती वळत नाहीये. वळत नाहीये ती!”

हनुवटी थरथरत होती तिची. बोटाखाली नाडी पळत सुटली. बायका कापडाच्या टोकाने डोळे पुसू लागल्या. दिबांगूचं काळीज काही दगडाचं नव्हतं. त्याच्याही अंगाखांद्यावर नातवंडं खेळत होती. तो वाकला आणि तिच्या कानाशी अगदी हळू म्हणाला, “वळली बघ. हसतेय ना?”

क्लेमांसचं तोंड उघडं राहिलं. मग त्या मातीने माखलेल्या चेहऱ्यावर असं काही पसरलं की दिबांगूलाच मान वळवावी लागली.

“हसतेय,” ती म्हणाली.

“बासे!” सगळे एका आवाजात ओरडले. म्हणजे खरं आहे, आम्ही ऐकलं. दिबांगूला स्वतःचं कौतुक वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. एका आईला तिची लेक हसताना दाखवली. यात कुणाचं काय वाईट झालं?

पण एकदा कुंपण ओलांडलं की दुसऱ्यांदा पाय आपोआप उचलतो. रस्ता पुढे गेला, एक घर आलं. घरामागे स्वयंपाकघर आलं. धूर आला. आणि मग क्लेमांस गप्प बसली. “पुढे?” त्याने विचारलं. गप्प. “पुढे?” गप्प. बुसूगू पुढे सरकून बसला, त्याचा लंगडा डावा पाय चटईला लागला. बाहेर देवळाच्या कुडामागे कुणीतरी कोंबड्यांना शिव्या घालत होतं, खणखणीत, सकाळी सकाळी. तो आवाज दिबांगूच्या ओळखीचा होता. त्याची थोरली बहीण माबुंदा. कालच तिच्याशी आतांगाच्या झाडावरून त्याचं वाजलं होतं. झाड कुणाचं यावरून नव्हे, फळं आधी कुणी उतरवायची यावरून, आणि शेवटी तिने चारचौघांत त्याला ऐकवलं होतं, “तुझा गळा तेवढा गोड आहे, दिबा. कान बहिरे आहेत.” ते अजून डाचत होतं. डोळे चुरचुरत होते, झोप नव्हती, मनात ती ठाण मांडून बसली होती. आणि त्याच्या तोंडून गेलं:

“म्हातारी कुठे बसलीय?”

बोलून गेल्यावरच त्याला कळलं. क्लेमांसने म्हातारीचं नावही काढलं नव्हतं.

“चुलीमागे,” क्लेमांस म्हणाली. अडखळली नाही, लगेच म्हणाली. “काहीतरी सोलतेय. डावा हात... त्याला तीन बोटं आहेत.”

धनुष्य थांबलं. गावात डाव्या हाताला तीन बोटं एकाच बाईची होती. तरुणपणी कोयत्याने दोन गेली होती. कुडामागे ती बाई अजून कोंबड्यांचा उद्धार करत होती.

“बासे,” बुसूगू म्हणाला. एकटाच, आणि हलक्या आवाजात.

पद्धत अशी होती की पाहून झालं की खाणाऱ्याला ओढ्यावर न्हाऊ घालायचं, आणि सूर्य डोक्यावर आला की देवळाच्या मधल्या खांबाला हात लावून त्याने सगळ्यांसमोर दोषी माणसाचं नाव घ्यायचं. खांबापाशी बोललेला शब्द परत घेता येत नाही. अकरा वर्षांपूर्वी असंच झेंगीचं नाव निघालं होतं. कुणी त्याच्या अंगाला हात लावला नाही. फक्त त्याला विस्तव कुणी देईना, त्याच्या हाकेला कुणी उत्तर देईना. तो पुलापलीकडे झोपडी बांधून राहिला आणि दुसऱ्या पावसाळ्यात तिथेच मेला. गावाला कळलं आठ दिवसांनी.

दिबांगू बाहेर आला तेव्हा ऊन कोवळंच होतं. दुपार व्हायला चार तास. पाय बहिणीच्या घराकडे वळले, पण अंगणात पोचेपर्यंत त्याला तीनदा वाटलं की परत फिरावं.

माबुंदा चुलीपाशी कसावा सोलत बसली होती.

“आलास? ये. बातमी तुझ्या आधीच येऊन बसलीय.”

“ताई—”

“तीन बोटं म्हणाली म्हणे. मग मीच. या गावात बाकी सगळ्यांना पाच-पाच आहेत.” तिने मान वर केली नाही. “आतांगा दिले होते मी नादेजला. चार. गरम पाण्यात मऊ करून, मीठ लावून. आणखी माग म्हटलं तर लाजली. सगळ्या पोरांना देते मी. तुझ्या नातवाला तर टोपलीभर देते, तो बघ कसा अजून माझ्या छपरावर नाचतोय.”

“कुणी काही म्हणत नाहीये अजून.”

“म्हणत नाहीयेत म्हणूनच कळलं. एवढ्यात तीन बायका दारावरून गेल्या. एरवी माझ्या चुलीत नाक खुपसल्याशिवाय पुढे जात नाहीत. आज समोरच्या झाडाकडे बघत गेल्या.” तिने सुरी खाली ठेवली. “तू काय विचारलंस?”

“काय म्हणजे?”

“दिबा, मी तुझं ढुंगण धुतलंय. क्लेमांस काय म्हणाली ते मला नको. तू काय विचारलंस?”

त्याने सांगितलं. सांगताना आपला तो नावाजलेला आवाज कुठे गेला, त्याचं त्यालाच कळेना. शेवटचे शब्द नुसते ओठांवरच राहिले. आता ही पातेलं फेकून मारेल, असं त्याला वाटलं. मारलं असतं तर बरं झालं असतं.

तिने पातेलं चुलीवरून उतरवून ठेवलं. मग म्हणाली, “तुला लहानपणी ताप यायचा. आठवतं? आई शेतावर. मी उशाशी बसून गोष्ट सांगायची. ‘आता हत्ती आला’ म्हटलं की तू किंचाळायचास, दारात हत्ती आहे म्हणून. कान दाखवायचास, सोंड दाखवायचास. मग आई येऊन मला बडवायची. मी कुठला हत्ती बघितला होता रे? मला नुसतं तुला गप्प करायचं होतं.”

“तू निघून जा, ताई. लांबारेनेला थोरला आहे तुझा. दुपारच्या आत ट्रक मिळेल.”

“आणि पळाले की खरंच ठरेल. आणि कसावा कोण काढणार, तू? तुला कसावा आणि गवत वेगळं ओळखता येत नाही.” ती हसायला गेली, पण ते जमलं नाही. तिने सुरी उचलली आणि परत सोलायला लागली. सोलता सोलता कंदाचा गर संपत आला, हातात बोटाएवढा तुकडा उरला, तरी ती सोलतच होती. “मला झेंगीसारखं नाही मरायचं, दिबा,” ती म्हणाली. “पुलापलीकडे एकटीला भीती वाटते मला.”

सत्तरी गाठलेल्या बाईने भीती वाटते म्हणावं, आणि तेही या बाईने, जिने बिबट्याला झाडू उगारून हाकललं होतं. दिबांगू उठला आणि सरळ बुसूगूकडे गेला.

बुसूगू देवळाच्या पायरीवर पाय लांब करून बसला होता. दोघे एका वयाचे, एकाच दिवशी लाकूड खाल्लेले.

“बुसूगू, सकाळचं पाहणं नासलं. मी नासवलं. ती म्हातारी मी घातली त्यात. तू होतास, तू ऐकलंस.”

“ऐकलं.”

“मग? क्लेमांस गप्प होती. ‘म्हातारी’ शब्द माझा. चुकून गेला.”

“चुकून?” बुसूगूने मान हलवली. “तीस वर्षांत तुझी जीभ कधी घसरली नाही, ती आजच घसरली? अरे, लाकूड तुझ्या तोंडून बोललं. पोरीला बोलवत नव्हतं, म्हणून त्याने तुझं तोंड घेतलं. सख्खी बहीण असून तुझ्या तोंडून तिचंच निघावं, याहून मोठी खूण कोणती?”

“आणि मी म्हणतोय की मी चुकलो, ते?”

“ते भाऊ बोलतोय. भावाने बोलावंच. मला राग नाही त्याचा.”

चूक कबूल केली तर ती देवाची खूण, आणि हट्ट धरला तर बहिणीची माया. कुठूनही गेलं तरी वाट माबुंदाच्या चुलीशीच जात होती. दिबांगूला पहिल्यांदाच कळलं की झेंगीची बायको तेव्हा देवळाच्या दारात इतका वेळ काय बोलत होती आणि कुणाला काहीच का ऐकू येत नव्हतं.

“माझ्या भावाची नात होती ती,” बुसूगू म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. “माझ्याच घरात मेली, माझ्याच खाटेवर. लोक मला विचारतात, तू म्बांजाचा बाप ना, मग तुझ्याच घरात कसं? मला उत्तर हवंय, दिबांगू. काहीही हवंय.”

तो खोटारडा नव्हता, हीच तर अडचण होती.

दिबांगू त्याच्या शेजारी बसला. समोर पोरं चिखलात लोळत होती. एकीच्या अंगावर निळा फ्रॉक होता. ताप, गोष्ट, हत्ती, हे त्याच्या डोक्यात फिरत होतं. मग तो उठला, लाल पीस पुन्हा डोक्यात खोचलं आणि म्हणाला, “ओढ्यावर न्यायच्या आधी मला एकदा तिच्यापाशी बसू दे. सगळ्यांना बोलव.”

सगळे आले. माबुंदाही आली आणि दारात उभी राहिली. तिच्या आजूबाजूला आपोआप जागा झाली. क्लेमांस तशीच पडली होती. लाकूड असं एका सकाळीत उतरत नाही. डोळे उघडे होते, नजर तिकडचीच होती. दिबांगूने नाडी धरली. ती संथ चालली होती. आपण आता काय करतोय हे त्याला नीट माहीत होतं, आणि त्याची त्याला लाजही वाटत होती.

“ऐका सगळे,” तो म्हणाला. “ती काय म्हणते त्याकडे लक्ष देऊ नका. मी काय विचारतो ते ऐका.”

मग आवाज खाली आणला. तोच आवाज, मधासारखा, ज्याच्यासाठी तीन खोऱ्यांतून लोक त्याला न्यायला यायचे.

“क्लेमांस, चुलीपाशी एक माणूस आलाय ना?”

“आलाय.”

“लंगडतोय का?”

“लंगडतोय. डावा पाय ओढतोय.”

देवळात कुणीतरी ‘अगं बाई’ म्हणालं. बुसूगूचा चेहरा उतरला.

“त्याने पोरीला काय दिलं?”

“वाटी. पांढरी वाटी.” तिच्या कपाळावर आठी पडली. “काका? काका, काय देताय तिला?”

“बास कर!” बुसूगू उठला, तोल गेला, खांबाला धरून उभा राहिला. “हे काय चालवलंयस?”

“बस, बुसूगू. अजून एक.” दिबांगूच्या बोटाखाली नाडी पळायला लागली होती, तिला फार वेळ तिथे ठेवता येणार नव्हतं. “क्लेमांस. त्याच्या मागे अजून एक जण उभा आहे. डोक्यात लाल पीस. आवाज गोड आहे. दिसतोय?”

तिने नजर बारीक केली.

“मामा,” ती म्हणाली. “तूच आहेस.”

“मी काय करतोय?”

“बोलतोयस. सारखा बोलतोयस.”

दिबांगूने तिच्या कपाळावर पाणी शिंपडलं, डोळ्यांवर हात ठेवला आणि ते मिटेपर्यंत तसाच ठेवला. मग लोकांकडे वळला.

“झाले तीन. एका चुलीपाशी माझी बहीण, तुमचा प्रमुख आणि मी. आता कुणाला पुलापलीकडे पाठवायचं ते ठरवा. अजून कुणी हवा असेल तर सांगा, त्यालाही आणून उभा करतो. लाकूड डोळे उघडतं, एवढं खरं. उघडलेल्या डोळ्यांत काय घालायचं ते मी घालतो.”

कुणी ‘बासे’ म्हटलं नाही. धनुष्यवाल्याने धनुष्य गुडघ्यावर आडवं ठेवलं आणि त्याच्याकडे असं पाहत राहिला जणू ते दुसऱ्याच कुणाचं होतं.

“मग झेंगी?” बुसूगूने विचारलं. त्याचा आवाज चिरका झाला होता. “झेंगीच्या वेळी कोण होतं उशाशी?”

हा प्रश्न येणार हे दिबांगूला पायरीवर बसल्या बसल्याच कळलं होतं.

“मीच,” तो म्हणाला. “मी विचारलं होतं, ‘त्याच्या खांद्यावर जाळं आहे का?’ जाळं झेंगीच वापरायचा. तेव्हाही मला कळलं होतं. मी स्वतःला सांगितलं की नाही कळलं.”

अकरा वर्षांत हे त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं. ती मरेपर्यंत सांगितलं नव्हतं.

बुसूगू लंगडत पुढे आला. मारणार असं सगळ्यांना वाटलं. त्याने दिबांगूच्या डोक्यातलं लाल पीस उपटलं, हातात धरून पाहिलं आणि खांबाच्या बुंध्याशी ठेवलं. “तू परत उशाशी बसायचं नाहीस,” तो म्हणाला. “कुणाच्याच.” मग दाराकडे, माबुंदाकडे न पाहता म्हणाला, “नाव घ्यायचं नाही आज. जा सगळे.”

लोक पांगले. माबुंदाच्या अंगणावरून जाताना एकीने तिच्या चुलीकडे डोकावून पाहिलं आणि काय शिजतंय म्हणून विचारलं. माबुंदाने तिला फाडकन उत्तर दिलं. त्यावरून समजायचं ते समजलं.

दिबांगूला वाटलं होतं की आता हलकं वाटेल. तसलं काही वाटलं नाही. म्बांजाच्या दारात बसायचीही आता सोय नव्हती, म्हणून तो ओढ्यावर गेला.

ऊन उतरायला लागलं तेव्हा क्लेमांस तिथे आली. दोन बायकांनी तिला न्हाऊ घालून, माशाचं गरम कालवण पाजून सोडलं होतं. पाय अजून जड पडत होते. ती त्याच्यापासून हातभर अंतरावर वाळूत बसली. डोळे इकडचे झाले होते, पण पुरते नाहीत.

“मला सगळं सांगितलं त्यांनी,” ती म्हणाली. “माबुंदामावशीचं. काकाचं. तुझं.”

“हं.”

“मला ते तिघेही दिसले, मामा. तुला आत्ता बघतेय तसे. काकाच्या वाटीचा टवका उडालेला होता, तोसुद्धा दिसला.”

“हं.”

दिबांगूला ठाऊक होतं ती काय विचारणार. सकाळी माबुंदाच्या चुलीशी बसला असतानाच ते ठाऊक होतं, फक्त त्याने तिकडे पाठ केली होती.

“नादेज हसली, ते?”

लाकूड अजून तिच्या रक्तात होतं. त्याने नुसतं ‘ते तुझंच होतं गं’ म्हटलं असतं, त्या आवाजात, तर ते तिचंच झालं असतं. जन्मभरासाठी. मुइलाच्या शाळेत ती पुन्हा उभी राहिली असती, जेवली असती, झोपली असती. एका शब्दाचं काम. आणि कुणाला कळणार होतं?

“ते मी घातलं,” दिबांगू म्हणाला. “रस्ता तुझा. फ्रॉक तुझा. वळणं आणि हसणं माझं. तू रडत होतीस, मला बघवेना.”

ती ओरडली नाही. तिने मूठभर वाळू उचलली आणि ती बोटांतून सगळी गळून जाईपर्यंत पाहत राहिली.

“म्हणजे ती वळलीच नव्हती.”

माफी मागावी असं त्याला वाटलं, पण ती मागून तिच्या हातात काय पडणार होतं?

मग क्लेमांस वाळूवर आडवी झाली. डोळे मिटले आणि हात त्याच्याकडे लांब केला, मनगट वर करून.

“विचार,” ती म्हणाली.

“मला बसायची बंदी आहे.”

“इथे देऊळ नाहीये. विचार. नीट विचार ह्या वेळी.”

त्याने मनगट धरलं. नाडी सापडायला वेळ लागला.

“काय दिसतंय?”

“रस्ता,” ती म्हणाली. “लाल माती.”

“पुढे?”

“नादेज. निळा फ्रॉक. पाठ आहे.”

“पुढे?”

“चाललीय.” मिटल्या डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळलं. “हाका मारतेय मी.”

दिबांगूच्या घशाशी तो शब्द आला. वळली. तीन अक्षरं. जिभेवर येऊन बसली होती, गोड, तयार. त्याने दात आवळले, तो खाली ढकलला, आणि आपला आवाज होईल तितका कोरडा करून म्हणाला, “पुढे?”